चौथा प्रश्न

वुमारी, ताइता डोंगर
९ जून १९८६

चि. सौ. जेमिमा हिस,
अ. आ. व प्रभूची शांती.

तुझं पत्र पोचलं. त्यावर तारीख नव्हती, ती मला टपालाच्या शिक्क्यावरून काढावी लागली. रोग्यांच्या कागदांवरही तू असंच करत असशील तर किसुमूच्या रोग्यांचं कठीण आहे.

इथलं वर्तमान असं. चर्चच्या भिंती पूर्ण झाल्या. पत्रे व्होईहून आले आणि निम्म्या छतावर बसले. १४ सप्टेंबरला बिशप येऊन समर्पणविधी करणार, आणि त्या दिवसापासून वुमारी स्वतंत्र मंडळी होणार. नऊ गावांत मिळून एक पाळक आणि तीन महिन्यांतून एकदा प्रभुभोजन, हे दिवस संपले. आपले पाळक येऊन राहिलेसुद्धा आहेत. जोसफाट म्वालुमा नाव, वय एकोणतीस, दाढीचे मोजून सात केस. माणूस कष्टाळू आहे. प्रवचन लांबवतो, ते मी त्याला सांगितलं आहे.

आता मुख्य गोष्ट. धाकट्या आईच्या पायांची सूज उतरत नाही. रात्री तिला आडवं पडता येत नाही, भिंतीला टेकून बसते. दवाखान्यातल्या बाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं की हृदय थकलं आहे, वर्ष निघेल असं धरून चालू नका. तू स्वतः नर्स आहेस, तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

त्यामुळे तिचा मंडळीतला प्रश्न आता निकालात निघायला हवा. थोरली आई हयात असताना ती बाबांची दुसरी बायको म्हणून घरात आली तेव्हापासून तिला प्रभुभोजन बंद आहे. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. ते गेले त्याच दिवशी तिची वाट मोकळी झाली होती. रविवारी सर्वांसमोर उभं राहायचं, पाळकांच्या पाच प्रश्नांची उत्तरं द्यायची, की झालं. वुमारीत आजवर बावीस जणांनी हे केलं. ती करत नाही. पाळक घरी येऊन गेले, तर त्यांना चहा पाजला, उकडलेला कसावा खायला घातला, त्यांच्या आईची चौकशी केली आणि सांगितलं की पोरा, माझे पाय सुजलेत, मी कुठे उभी राहू. पाळक म्हणाले, बसून चालेल. तर म्हणाली, बसून तर रोजच असते.

असंच राहिलं तर काय होईल ते तुला ठाऊक आहे. तिची शवपेटी चर्चच्या दाराच्या आत येणार नाही. घंटा होणार नाही. तू तिला लिही. माझं ती ऐकत नाही, तू तिची पोटची मुलगी, तुझं ऐकेल.

ओडुओररावांना नमस्कार कळव. पाचवा महिना आहे, वॉर्डात जड काही उचलू नकोस.

माया आहे म्हणून बोलते, तेवढं ध्यानात ठेवावं.
तुझी ताई,
दोर्कस

॰

किसुमू
२२ जून १९८६ (तारीख घातली आहे, पाहावी)

ती. दोर्कसताई हिस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस काही सुचलं नाही. शाळेत तुला बाई म्हणायचं आणि घरी आल्यावर ताई, ही कसरत मी सात वर्षं केली. परवाचं पत्र बाईंचं होतं की ताईचं, ते अजून ठरत नाही.

मी आईला लिहिणार नाही. का, ते सांगते.

माझ्या आईचा पहिला नवरा, म्हणजे आपले डॅनियलकाका, सायसलच्या मळ्यात तापाने गेले तेव्हा ती तीस वर्षांची होती. पदरी मूल नाही. माहेरचे परत घेईनात. तिला मोठ्या दिराच्या घरात द्यायचं हे तिने ठरवलं नाही. गावाने ठरवलं. ती मिशनच्या शाळेत शिकलेली, बाप्तिस्मा झालेली, दृढीकरण झालेली मुलगी होती. तिने उभं राहून म्हणायचं की मी पापात राहिले? मग त्या पापातून जी जन्मली ती मी. मी आता पोटुशी आहे ताई, असल्या गोष्टी लागतात.

तू म्हणशील की शब्द धरून बसू नकोस. पण शब्द तूच टंकून दिलेस ना? त्या पाच प्रश्नांचा कागद पाळकांच्या पुस्तकात आहे तो तुझ्या टंकयंत्रावरचा आहे, 'क' अक्षर वर उडतं त्यावरून मी ओळखला.

मागच्या सुट्टीत आले तेव्हा ओढ्यावरून दगड वाहणाऱ्या बायकांच्या रांगेत आई होती. माता संघाच्या बायका निळे रुमाल बांधून पुढे गात होत्या. तिला रुमाल नाही, म्हणून ती शेवटी. डोक्यावरचा दगड मात्र पुढच्यांपेक्षा मोठा. त्याच दगडांच्या भिंतीबाहेर तिची पेटी ठेवणार का?

ते सात केसांचे पाळक तुला घाबरतात, असं आईनेच मागे लिहिलं होतं. तू त्यांना सांग. प्रश्न न विचारता तिला प्रभुभोजनाची भाकर द्या म्हणावं. तू सांगितलंस तर देतील.

मला इथून हलता येत नाही. डॉक्टरांनी प्रवास बंद केला आहे, रक्तदाब वाढतो. नाहीतर मीच येऊन त्यांच्यासमोर उभी राहिले असते.

रागावलीस तरी दुरावू नकोस.
तुझी,
जेमिमा

॰

वुमारी
७ जुलै १९८६

चि. सौ. जेमिमास,
अ. आ.

रागावले होते. म्हणून आठ दिवस लिहिलं नाही. रागात लिहिलेलं पत्र दुसऱ्या दिवशी शिक्षकाने स्वतःच तपासावं, मग फाडावं. तसं एक फाडलं.

नियम मी केलेला नाही. मी फक्त टंकला. पण टंकताना मला त्यात काही खटकलं नाही, हेही खरं आहे. मी अठरा वर्षांची होते तेव्हा तुझी आई आमच्या घरात आली. माझ्या आईने स्वतःच्या हाताने तिची चूल मांडून दिली. मी ते पाहिलं, आणि त्या रात्री बोर्डिंगची पेटी भरली. पुढचं सगळं शिक्षण मी त्या घराबाहेर राहता यावं म्हणून केलं असेल. ते जाऊ दे.

पाळकांशी बोलले. ते घाबरतात, पण नियम मोडण्याइतके घाबरत नाहीत. मला त्यांचं ते आवडलं. म्हणाले, बाई, बावीस लोकांना विचारून तेविसाव्याला सोडलं, तर चोविसावा मला काय म्हणेल. बरोबर आहे.

मग मी दुसरी युक्ती केली. उत्तरांची सवय व्हावी म्हणून रोज सकाळी तिचे पाय चोळताना मीच एकेक प्रश्न विचारू लागले. तू समजतेस तसं पापाच्या शब्दापाशी ती अडत नाही. पहिला प्रश्न तोच आहे. त्यावर हसून म्हणाली की म्हणेन की, शब्दच तो, देवाला माहीत आहे कुणी कुणाला कुठे ढकललं. दुसरा, तिसरा, पाचवा, सगळ्यांची उत्तरं नीट दिली. चौथ्याला मात्र गप्प. चौथा प्रश्न असा आहे: बंदी असताना तू कधी गुपचूप प्रभूच्या मेजात भाग घेतलास का?

मी म्हटलं, नाही म्हण, एवढं सोपं आहे. तिने पाय ओढून घेतले आणि मला सांगितलं की जा, तुझी गाय हंबरते आहे. गाय हंबरत नव्हती.

याचा अर्थ मला लागत नाही. गुपचूप भाग घेणार कशी? वुमारीत भाकर घ्यायला वेदीपुढच्या कठड्यापाशी कोण गेलं नि कोण नाही, हे दोनशे डोळे मोजतात. ती अडतीस वर्षं मागच्या बाकावर बसलेली मी पाहिली आहे. तुला काही माहीत असलं तर कळव.

दगडाबद्दल लिहिलंस, ते वाचलं.

स्वतःला जप. रक्तदाब किती, ते आकड्यात लिही.
तुझी,
दोर्कसताई

॰

किसुमू
१९ जुलै १९८६

ती. दोर्कसताईस,
सा. न. वि. वि.

रक्तदाब १५० वर ९५. मीठ बंद. मीठ नसलेली उगाली आणि मीठ नसलेली मासळी खाऊन मी आता मीठ नसलेलं माणूस झाले आहे, असं ओडुओर म्हणतात.

फाडलेलं पत्र पाठवलं असतंस तरी चाललं असतं. पण हे पाठवलंस ते बरं झालं. तू बोर्डिंगची पेटी भरलीस हे मला छत्तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

चौथ्या प्रश्नाबद्दल मला काहीच ठाऊक नाही. आई कधी कठड्यापाशी गेली नाही. प्रभुभोजनाचा रविवार तेवढा मला आठवतो, कारण त्या दिवशी आम्हा मुलांना स्वयंपाकघरात मज्जाव असे. थोरली आई चर्चमधून यायची ती निळा रुमालही न सोडता थेट चुलीपाशी जायची, आणि माझी आई आतून दार लावून घ्यायची. आम्हाला वाटायचं की आत काहीतरी खास शिजतंय. एकदा मी फटीतून नाक घातलं, तर कसलाही वास नव्हता. दोघी बाहेर यायच्या त्या गप्प. तशा त्या आठवडाभर भांडायच्या. कुणाच्या कोंबडीने कुणाचे दाणे खाल्ले, यावरून थोरली आई माझ्या आईला डोळ्यांत तिखट गेल्यासारखी बोलायची. पण त्या रविवारी संध्याकाळपर्यंत एक शब्द वाकडा नाही. मला तो दिवस फार आवडायचा.

याचा तुझ्या प्रश्नाशी काही संबंध नाही. आठवलं म्हणून लिहिलं.

आईला माझा मुका दे. तू मुके देत नाहीस हे माहीत आहे, एकदा दे.
तुझी,
जेमिमा

॰

वुमारी
४ ऑगस्ट १९८६

चि. सौ. जेमिमास,
अ. आ. व शांती.

तुझं पत्र मी उभ्याने वाचलं आणि मग बसले.

संबंध आहे. काल उपासनेनंतर मी धाकट्या आईकडे गेले, दार लावलं आणि तिला तुझ्या पत्रातला तेवढा भाग वाचून दाखवला. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, ती पोरगी लहानपणापासून नाकाने भोचक.

मग तिने सांगितलं. माझी आई कठड्यापाशी गुडघे टेकायची, तळहातावर भाकर घ्यायची, अर्धी तोंडात टाकायची आणि अर्धी कमरेला गुंडाळलेल्या लेसोच्या गाठीत बांधून घरी आणायची. चुलीपाशी ती तुझ्या आईला द्यायची. लग्नानंतरच्या पहिल्याच प्रभुभोजनापासून, स्वतः मरेपर्यंत. एकतीस वर्षं. पहिल्या वेळी तुझी आई घाबरून नको म्हणाली, तर माझी आई तिच्यावर ओरडली की माझा अर्धा नवरा घेतलास तेव्हा नको म्हणालीस का, आता ही अर्धी भाकर घे आणि तोंड मिट.

जेमिमा, ही माझी आई. वुमारीच्या माता संघाची पहिली अध्यक्ष. बायकांच्या लेसोला डाग असला तर त्यांना परत घरी पाठवणारी. पवित्र भाकर गाठीत बांधून नेणं म्हणजे काय, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. मंडळीला कळलं असतं तर तिचा निळा रुमाल काढून घेतला असता.

आणि म्हणून तुझी आई उभी राहत नाही. चौथ्या प्रश्नाला नाही म्हटलं तर वेदीसमोर खोटं, होय म्हटलं तर कुणी दिली ते सांगावं लागेल. नव्या चर्चच्या पश्चिम भिंतीत माझ्या आईच्या, दामारीच्या, नावाचा दगड बसायचा आहे. अक्षरं कोरून झाली. धाकटी आई म्हणाली, माझी पेटी बाहेर राहिली तर मला थंडी वाजणार नाही, पण दामारीचं नाव उतरवायला मी तोंड उघडणार नाही. आणि मलाही बजावलं की तू उघडशील तर वर गेल्यावर तुझ्या आईला तोंड तू दाखव.

ती सात वर्षं उपाशी आहे. माझी आई गेल्यापासून तिला काही मिळालेलं नाही. आणि दर वेळी मी तिच्या बाकावरून पुढे जात होते.

आज सकाळी मनात आलं की मीही लेसोला गाठ मारावी. काम सोपं होतं, आमच्या घरात परंपराही आहे. पण मी तसं करणार नाही. ती चुलीमागे पुरेशी खाऊन झाली. तिला कठड्यापाशी मिळायला हवी, उजेडात.

म्हणून मी मंडळीच्या पंचांना सांगणार आहे. आईचं नाव जाईल, माता संघाचं माझं अध्यक्षपद जाईल. तुझ्या आईने मला मनाई केली आहे, ती मी मोडते आहे. तुला हे मान्य नसेल तर लगेच तार कर. दहा तारखेनंतरच्या रविवारी पंच बसतात.

काळजी करू नकोस असं लिहिणं खोटं ठरेल. प्रार्थना कर.
तुझी ताई

ता. क. मुका दिला. ती म्हणाली, तुला ताप आहे का.

॰

किसुमू
१२ ऑगस्ट १९८६

ती. ताई,
सा. न.

तार केली नाही, यावरून समज.

एकच लिहिते. पंचांसमोर बोलताना जुनं पुस्तक काढ. आईला भाकर बंद केली तो दिवस पाहा. तिला बाबांच्या घरात देण्याचा निवाडा ज्यांनी केला आणि तिला बंदी ज्यांनी लिहिली, ती माणसं वेगळी होती का, हे मला नेहमी विचारायचं होतं. विचारायला मी लहान होते, नंतर लांब होते.

हात सुजलेत, अक्षर वाईट आलं आहे. तांबडी शाई काढू नकोस.
तुझीच,
जेमिमा

॰

वुमारी
१५ सप्टेंबर १९८६

चि. सौ. जेमिमा हिस,
अनेक आशीर्वाद.

सगळं क्रमाने लिहिते, मध्येच शेवट वाचू नकोस.

१७ ऑगस्टला पंच बसले. मी उभी राहून माझ्या आईबद्दल सांगितलं. आधी कुणाला कळेना, मग सगळ्यांना एकदमच कळलं. माता संघाच्या युनिसने निळा रुमाल तोंडावर ओढला. एकजण म्हणाला की मेलेल्या आईवर आळ घेणारी मुलगी प्रथमच पाहिली. मी त्याला शाळेत तिसरीत दोनदा बसवला होता, त्याचा राग असेल. माझा राजीनामा लिहून तयार होता, तो मेजावर ठेवला.

मग मी जुनं पुस्तक उघडलं. मार्च १९४८. बाबांची आणि धाकट्या आईची रविवारची नोंद मी मोठ्याने वाचली: हेझेकिया म्वासारू आणि केझिया, दोघांना प्रभुभोजन बंद. खाली पाच पंचांची नावं. आदल्या दिवशी, शनिवारी, मोठ्या अंजिराखाली गावाची बैठक बसून केझियाला दिराच्या घरात देण्याचा निवाडा झाला, त्याची नोंद अर्थात पुस्तकात नाही. मी एवढंच विचारलं की रविवारचं पुस्तकात आहे, शनिवारचं कोण सांगेल?

त्या पाचांतले चार गेले. पाचवे एलिफाझ न्याम्बू समोरच बसले होते. नव्वदीला टेकले आहेत, ऐकू कमी येतं, पण हे ऐकू आलं. काठी घेऊन उठले आणि घरी गेले. बैठक मोडली. तीन आठवडे कुणी माझ्याशी धड बोललं नाही. धाकटी आई तर अजिबातच नाही. पाय चोळू द्यायची, पण तोंड भिंतीकडे.

७ सप्टेंबरला, समर्पणाच्या आधीच्या रविवारी, जुन्या चर्चमधली शेवटची उपासना होती. पश्चात्ताप करणाऱ्यांनी पुढे यावं असं पाळक म्हणाले, तसं ते नेहमीच म्हणतात. एलिफाझआजोबा उठले. नातवाने हात धरला, तर त्याला झटकलं. जिथे बावीस जण उभे राहिले तिथे उभे राहिले आणि आपण होऊनच बोलू लागले. म्हणाले की शनिवारी मी अंजिराखाली बसलो आणि बाईला सांगितलं, तुला हे करावंच लागेल. रविवारी चर्चमध्ये बसलो आणि तिला सांगितलं, तू हे का केलंस. मी एकच माणूस होतो. माझा कोटसुद्धा तोच होता. अडतीस वर्षं मी त्या कठड्यापाशी तिच्या समोरून जाऊन भाकर खाल्ली. मग पाळकांकडे वळून म्हणाले, विचार आता तुझे पाच प्रश्न, मला विचार.

पाळकांनी पाचही विचारले. म्हाताऱ्याने उत्तरं दिली. मग पाळकांनी पुस्तक मागवलं आणि १९४८ च्या नोंदीखाली स्वतःच्या हाताने लिहिलं की या प्रकरणी पश्चात्ताप झाला, ज्यांनी करायचा त्यांनी केला, बंदी उठली. तुझ्या आईला एकही प्रश्न विचारायचा नाही असं त्यांनी सर्वांदेखत सांगितलं. चोविसाव्याला काय सांगाल, असं मी नंतर विचारलं. म्हणाले, त्याच्याही शनिवारची चौकशी करीन. या पोराच्या प्रवचनांबद्दल मी यापुढे बोलणार नाही.

माझ्या आईचा दगड भिंतीत बसला नाही. पंचांचं एकमत होईना. सध्या तो माझ्या गोठ्यापाशी पालथा ठेवला आहे. माझं अध्यक्षपद युनिसकडे गेलं. मला याचं वाईट वाटतं, वाटत नाही असं लिहिणार नाही.

आता कालचं. चर्च भरून बाहेर उन्हातही लोक उभे होते. बिशपांनी दारावर काठीने तीनदा ठोकलं, आत आले, सगळा विधी झाला. धाकट्या आईला चार जणांनी खुर्चीवर बसवून आणली होती. प्रभुभोजनाच्या वेळी पाळक भाकर घेऊन तिच्या खुर्चीकडे निघाले, तर तिने हात वर करून त्यांना थांबवलं. मला जवळ बोलावलं. चार आठवड्यांनी माझ्याशी पहिला शब्द बोलली. म्हणाली, मला उभी कर आणि मग सोड.

मी सोडली. जेमिमा, मागच्या बाकापासून कठड्यापर्यंत एकवीस पावलं आहेत, मी आज मोजून आले. एकेका बाकाला धरून ती चालली. गायकगटाचं गीत संपलं, त्यांनी पुन्हा पहिल्या कडव्यापासून सुरू केलं, तेही संपलं. मग कुणी गायलं नाही. बिशप हातात भाकर घेऊन उभे होते. ती पोचली, कठड्याला धरून गुडघे टेकले, तळहात पुढे केला आणि तिला भाकर मिळाली. अख्खी.

त्यानंतर तिला उठता येईना. मी धावत जाऊन खांद्याखाली हात घातला. रांग अडली होती, बिशप ताटकळले होते, म्हणून तिच्या कानात म्हटलं की चल, उठवते तुला. तर दम लागलेला असूनही सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात ती मला म्हणाली की दोर्कस, तुला सदा घाई. बसून अडतीस वर्षं काढली, आता घटकाभर गुडघे टेकू दे.

मग मी तिच्या डाव्या बाजूला गुडघे टेकले. थोड्या वेळाने उजवीकडे युनिस येऊन टेकली. ज्याला जशी जागा मिळाली तसा तो टेकला, आणि बाकीचं प्रभुभोजन तिला मध्ये ठेवूनच पार पडलं.

तुझ्या रक्तदाबाचा आकडा उलट टपाली कळव.

लोभ आहेच, तो मागून घेण्याची गरज तुला नाही.
तुझी,
दोर्कसताई